वकीलबाईने जिंकलेला वाद

इतिहासाच्या सरांनी खडू टेबलावर आडवा ठेवला आणि एका बोटाने ढकलला. खडू घरंगळला, खाली पडला, त्याचे दोन तुकडे झाले.

"हा बघा तुमच्या कॅल्व्हिनसाहेबांचा माणूस," सर म्हणाले. "देवाने ढकलला, पडला. आता या खडूला शिक्षा करायची? आणि करायची तर कशाबद्दल?"

वर्ग हसला. सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या, कारण कॅल्व्हिनची, म्हणजे सगळं देवाने आधीच ठरवलंय ही, शिकवण मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळीची मुलगी वर्गात एकच होती. मागच्या वर्षी हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा स्वतःच्या आवाजाला घाबरायची. यंदा काय चमत्कार झाला कुणास ठाऊक, जिभेचं टाळं उघडलं ते उघडलंच. ती उभी राहिली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"सर, खडूला टेबलावर राहायचं होतं का?"

"खडूला कसली इच्छा?"

"तेच म्हणते. माणसाला असते. काल मी गणितं सोडवली नाहीत तेव्हा मला कुणी ढकललं नव्हतं. मला नकोच होती ती. मी माझ्या मर्जीने झोपले. आमची शिकवण माणसाला मर्जी नाही असं म्हणतच नाही. माणूस त्याला सगळ्यात जास्त हवं असतं तेच करतो, आणि अगदी मोकळेपणाने करतो. फक्त काय हवंसं वाटावं, हे त्याच्या हातात नसतं. तुम्हीच बघा ना सर, आमचा वर्ग आपल्याला आवडतो असं आजपासून ठरवून बघा."

या वेळी वर्ग सरांवर हसला. सरही हसले, माणूस दिलदार होता. पण त्यांनी सोडलं नाही. "बरं. मग देव तारायला काहींनाच निवडतो. उरलेल्यांनी त्याचं काय घोडं मारलं?"

"घोडं सगळ्यांनीच मारलंय सर. निवडलेल्यांनीसुद्धा. म्हणून तर निवड लायकीवर होत नाही. पाण्यात सगळे आपापल्या पायांनी गेले. एकाला ओढून काढला तर 'बाकीच्यांना का नाही' हे तुम्ही काढणाऱ्याला जरूर विचारा, मलाही विचारायचंय. पण निघालेल्याने 'मी चांगला पोहत होतो' असं तरी म्हणू नये. आमच्यात फुशारकीला जागाच नाही."

हे शेवटचं वाक्य तिने इतक्या ऐटीत टाकलं की मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. ती खाली बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, आणि फुशारकी नाही म्हणता म्हणता ती गुडघ्यापर्यंत फुशारकीत उभी होती. हे तिच्या लक्षात आलं नाही. त्या वयात येत नाही, आणि आलं तरी गोड लागतं.

तिला वकीलबाई हे नाव मावशीने ठेवलेलं. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं, म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली, तीन शिलाई मशिनं, एक कापायचं टेबल आणि भिंतीला टांगलेले दवाखान्यांचे पांढरे कोट. दवाखान्यांचे कोट शिवणं हाच मावशीचा धंदा. कापायचं काम ती स्वतः करी, आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे वकीलबाईची आई, काजं आणि बटणं करी. बाबा दूरच्या बंदरावर कामाला होते, दोन-तीन महिन्यांनी येत. त्यामुळे शाळा सुटली की वकीलबाई थेट दुकानात. कापडाच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास, आणि तोंडी लावायला मावशीशी वाद.

कारण मावशीने मंडळी सोडली होती. दुसऱ्या एका मंडळीत जायची, जिथे गाणी जोरात असतात आणि उपदेशक शेवटी म्हणतो, ज्याने देवाला निवडायचं ठरवलं त्याने हात वर करा. "मी केला," मावशी सांगायची, "खांदा दुखत होता तरी केला." आणि धाकटीला म्हणायची, "तू मात्र बस तिथे, बोलावण्याची वाट बघत."

आई बसत होती हे खरं होतं. आई-लेकीच्या मंडळीची रीतच तशी पडलेली. वर्षातून मोजक्या रविवारी चर्चमध्ये पुढे लांब मेज मांडलं जाई, त्यावर पांढरी चादर, भाकर, द्राक्षरस. तेच प्रभुभोजन. बाकं गच्च भरलेली असत आणि मेज अर्धं रिकामं. कुणी कुणाला अडवत नव्हतं. पण ज्याला आपण निवडलेले आहोत याची मनातून खात्री नाही, त्याने त्या मेजाला हात लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं, असं प्रत्येकाने स्वतःला समजावलेलं. माणसं जन्मभर बाकावर बसत, खुणेची वाट बघत, आणि तिथूनच म्हातारी होत. आई त्यातलीच. लग्नाच्या आधीपासून ती त्या बाकावर होती, आणि मेज मांडलेल्या रविवारी घरी आल्यावर ती कुणाशी बोलायची नाही, भांडी घासत बसायची, घासलेली परत घासायची.

वकीलबाईचं तसं नव्हतं. तिने मंडळीच्या वडिलांपुढे परीक्षा दिली होती. कारभार बघणाऱ्या वयस्कर माणसांना मंडळीत वडील म्हणत. त्यातले मुख्य म्हणजे चष्मेवाले काका. त्यांनी विचारलं, तुला कशावरून वाटतं की तू मेजावर यावंस? ती म्हणाली, "माझ्याकडे काही नाही म्हणून." चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला. एवढ्या लहान वयाच्या मुलीला परवानगी मिळाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हा रविवार तिचा पहिला होता.

आणि शुक्रवारी सकाळी, वेणी घालून देताना, आई मागून हळूच म्हणाली, "तू जाणार तर मीही येईन म्हणते. तुझ्याबरोबर."

आरशात आईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. वकीलबाईने मान वळवली नाही. वळवली तर आई शब्द परत घेईल अशी भीती वाटली. शाळेत तिने सरांना जी धूळ चारली, ती खरी त्या एका वाक्याच्या जोरावर.

दुपारी ती दुकानात शिरली तेव्हा बातमी मावशीला कळलेली होती. मावशीने कात्री खाली ठेवली होती, आणि चालू कामात मावशी कात्री खाली ठेवत नसे.

"ऐकलंस का," मावशी म्हणाली, "तुझी आई निघाली." मग ती बहिणीकडे वळली. "अगं, किती वर्षं मी घसा कोरडा केला. मी म्हणत नव्हते का गं तुला, सगळं आपल्याच हातात असतं. तू ठरवलंस की झालं. देव दार उघडून बसलाय. पाऊल टाकायचं तेवढं तुझं काम."

"टाकते," आई म्हणाली. ती हसत होती. काज करता करता हसत होती.

आता इथे गप्प बसायचं होतं. कुत्र्यालाही कळलं असतं. पण वकीलबाईच्या कानात अजून टाळ्या वाजत होत्या, आणि समोर चक्क चुकीची शिकवण उघड्या तोंडाने फिरत होती.

"मावशी, हे बरोबर नाही."

"आल्या वकीलबाई. काळा कोट शिवून देऊ का? इथे सगळे पांढरेच आहेत."

"चेष्टा नको. पाऊल टाकणं आपल्या हातात असेल, तर उद्या ते मागे आलं की काय करायचं? तू हात वर केलास तेव्हा खांदा दुखत होता. उद्या मनच दुखलं आणि हात वर झाला नाही, तर तुझा देव बसेल का दारात वाट बघत?"

"बसेल की. चांगला आहे तो. तुमच्यासारखा वेचून वेचून घेणारा नाही."

"वेचून घेतो म्हणूनच कुणीतरी येतं. नाहीतर एकही आला नसता. आजारी मर्जीला तू म्हणतेस, ऊठ आणि स्वतःचं औषध स्वतः आण."

"म्हणजे त्याने दोऱ्या ओढायच्या आणि आपण नाचायचं. बाहुल्या." मावशीने एका कोटाची बाही उचलून हलवून दाखवली.

"बाहुलीला नाचायचं नसतं मावशी. आपल्याला असतं. ज्याला हवं तो येतो, हे आमच्याकडेही खरंच आहे. प्रश्न एवढाच, की हवंसं वाटलं कुठून. आणि काय हवंसं वाटलं." ती आता गठ्ठ्यावरून उठून उभी राहिली होती. "उठणं म्हणजे काही नाही. बसमध्येसुद्धा माणसं उठतात. माणूस कशासाठी उठतो ते बघायचं. सगळ्यात जास्त काय हवं होतं, एवढं स्वतःला विचारायचं, म्हणजे आपण कुणाचे ते कळतं. तिथे खोटं बोलता येत नाही."

मावशीने बाही खाली टाकली. "हरले बाई," ती म्हणाली. "तुझ्याशी लग्न करणारा मुका हवा."

वकीलबाई जोरात हसली. मग तिला जाणवलं की खोलीत आवाज कमी आहे. आईचं मशीन थांबलं होतं.

आई सुईखालच्या कापडाकडे बघत होती. "मी कशासाठी उठणार होते?" ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. जणू दोऱ्याचा रंग विचारावा तसं. "तू तिथे एकटी बसशील, सगळी म्हातारी माणसं आजूबाजूला, ते मला बघवेना. तुझ्या शेजारी बसावंसं वाटलं. तेवढंच. देवाचं नावसुद्धा नव्हतं मनात."

"आई, तसं नसतं ते."

"कसं असतं? तूच सांग, तुला कळतं."

"म्हणजे, तेही त्यानेच तुझ्या मनात..."

"मावशीला सांगितलंस तसं मला सांगू नकोस. खोटं बोलता येत नाही म्हणालीस ना? मी नाही बोलत." आईने कापड सरळ केलं. "मला तू हवी होतीस. तो नाही. बरं झालं वेळेवर कळलं. नाहीतर चोरासारखी जाऊन बसले असते."

मशीन पुन्हा सुरू झालं. मावशी कात्री उचलून टेबलाशी गेली, पण कापलं काहीच नाही. बऱ्याच वेळाने ती वकीलबाईजवळून जाताना थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझी शिकवण चुकीची असेल बाई. पण तिच्यावर बसून तुझी आई चालली होती ना? बैल लंगडा होता, पण गाडी हलली होती. तू बैल सोडलास."

वकीलबाईला उत्तर सुचलं. सुचलं हीच पंचाईत होती. तिला नेहमीच सुचायचं. ती पहिल्यांदा ते गिळून बसली.

शनिवारी ती चष्मेवाल्या काकांच्या दुकानात गेली. काका काउंटरमागे बसून एका भिंगाची कड घासत होते. तिने सगळं सांगितलं, सर, मावशी, आई, स्वतःचं वाक्य जसंच्या तसं. काका ऐकत राहिले, मधून मधून भिंग उजेडात धरत राहिले.

"तुझी आई फार बरोबर बोलली," शेवटी ते म्हणाले. "आजकाल असं स्वतःच्या मनात वाकून कोण बघतं? अशी भीती ही चांगली खूण असते."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग काका, हेच तिला सांगा ना. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. आज संध्याकाळी या."

"छे छे, असं सांगायचं नसतं."

"का?"

"सांगितलं की भीती जाईल. भीती गेली की खूण गेली."

ते हे इतक्या प्रेमाने म्हणाले की तिला क्षणभर ते खरंच वाटलं. मग डोक्यात तिडीक गेली. "काका, हे शिकवणीत कुठे आहे? निवड त्याच्याजवळ असते. आपल्याजवळ भूक असते. भुकेल्याने यायचं, बस. खात्रीचं पत्र घेऊन यायचं, असं कुठे लिहिलंय? निवड आहे ती माणसाला निश्चिंत झोप लागावी म्हणून. तुम्ही तिचं दारावरचं कुलूप केलंत. सरांना वाटतं आमचा देव दुष्ट आहे. त्यांचं चुकतंच. पण ते इथे येऊन मेज बघतील तर त्यांना काय वाटेल?"

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि तू काल आईला ऐकवलंस, माणूस कशासाठी उठतो ते बघ, ते शिकवणीतलं की बाहेरचं?"

"शिकवणीतलं."

"हो ना. अगदी शब्दन् शब्द." त्यांनी दुसरं भिंग उचललं. "मी नाही कुलूप घातलं बाई तुझ्या आईला."

ती बाहेर आली. रस्त्यावर माणसं पिशव्या घेऊन चालली होती, एक बाई मुलाला हाताला धरून ओढत नेत होती, मूल रडत होतं. तिने वादाला सगळीकडून हात लावून पाहिला. कुठे भोक आहे का, कुठे शिवण उसवली आहे का. नव्हती. सर चुकत होते, मावशी चुकत होती, काका तर साफ चुकत होते. ती बरोबर होती. हेच तिला सहन होईना. कुठे चुकली असती तर 'चुकले' म्हणून आईच्या गळ्यात तरी पडता आलं असतं.

संध्याकाळी आई रविवारचे कपडे इस्त्री करत होती. वकीलबाईचाच झगा. वकीलबाई इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली.

"आई, ऐक. वाद नाही घालत. तू माझ्यासाठी उठलीस तरी चालतं. माणसं अशीच येतात. कुणी आईमागे येतं, कुणी भाकरीसाठी येतं, कुणी एकटं वाटतं म्हणून येतं. शुद्ध मनाने कोण आलंय आजपर्यंत? तसं मन असतं तर निवडावं कशाला लागलं असतं? देव धागा बघत नाही, ओढतो. तुझा धागा मी असेन."

तिने आजवर निवडीची जी काही बाजू मांडली होती, त्यातलं हे सगळ्यात खरं होतं. तिचं तिलाच कळलं. पोटातून आलं होतं ते. त्यात टाळ्यांसाठी काही नव्हतं.

आईने इस्त्री उभी केली. ती लेकीकडे इतक्या मायेने बघत होती की वकीलबाईला वाटलं, झालं, जमलं.

"किती गं जीव तुझा माझ्यावर," आई म्हणाली. "हे शुक्रवारी म्हणाली असतीस तर मानलं असतं मी. आता तू माझं मन राखायला बोलतेयस."

"नाही आई, हेच खरं आहे."

"असेल." आईने झग्याची कॉलर उलटी केली. "तू कशासाठी बोलतेयस ते बघ. मी रडू नये म्हणून. हो की नाही?"

हो होतं. तिथे खोटं बोलता येत नव्हतं.

रविवारी चर्च भरलं होतं. त्या दोघी नेहमीच्या बाकावर बसल्या, आई कडेला, वकीलबाई आत. पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मेजाकडे बोलावलं तेव्हा इकडून तिकडून चार-दोन माणसं उठली. एक काठी टेकत, एक बायकोला मागे सोडून. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. चष्मेवाले काका मेजाच्या टोकाशी उभे होते.

वकीलबाई उठली नाही.

"ऊठ," आई पुटपुटली.

"मी पण बसते. पुढच्या वेळी दोघी जाऊ."

"माझ्यासाठी बसलीस तर तू कुणाची झालीस?" आईने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच तसंच वाटत होतं; लेकीकडूनच शिकली होती. "माझं ते माझं. तुझं घालवून मी घरी कशी जाऊ? ऊठ, माणसं बघतायत."

आणि आईने गुडघे बाजूला घेतले, वाट करून दिली. बाक अरुंद होतं. तिथून बाहेर पडताना वकीलबाईचा इस्त्रीचा झगा आईच्या गुडघ्यांना घासून गेला.

मेजाशी तिला मधली जागा मिळाली. डावीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, उजवीकडे कुणीच नव्हतं, त्यापलीकडे काठीवाल्या आजी. भाकरीचं ताट डावीकडून आलं. तिने तुकडा घेतला, आणि ताट पुढे द्यायला तिला रिकाम्या जागेवरून पार वाकून हात लांब करावा लागला. आजींनी आधी काठी मेजाला टेकवली. ताट मधल्या मध्ये थोडा वेळ तसंच अधांतरी राहिलं.

बाहेर मावशी उभी होती. तिची मंडळी लवकर सुटली असावी, किंवा ती गेलीच नसावी. तिने वकीलबाईकडे बघितलंही नाही. "गेलीस?" तिने बहिणीला विचारलं.

"ती गेली ना," आई म्हणाली. तिने लेकीच्या खांद्यावरचा एक बारीक धागा उचलून टाकला. चेहऱ्यावर अभिमान अगदी मावत नव्हता. "एवढ्या सगळ्यांतून माझी गेली. बघायला हवी होतीस तू. कशी सरळ चालत गेली."

तिघी घराच्या वाटेला लागल्या. आई मधे होती, आणि आज ती सगळी वाट बोलत होती: झगा कसा दिसला, पाळकसाहेब कसे लेकीकडे बघून हसले, आणि घरी गेल्यावर कालची भांडी कशी तशीच पडली आहेत, ती जाऊन आधी घासायची आहेत.